चांगुलपणाला शिक्षण कशाला?

बी.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्याची पदवी. ही पदवी देणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांच्या वेळापत्रकात आठवड्यातल्या दोन दिवसांवर एकही तास लिहिलेला नसतो. त्या रकान्यांत एकच शब्द असतो, ‘क्षेत्रकार्य’. मुले त्याला फिल्डवर्क म्हणतात, घाईत असली तर नुसते ‘फिल्ड’. त्या दिवशी ती कॉलेजात येत नाहीत. कोणी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असते, कोणी बालगृहात, कोणी वस्तीतल्या अंगणवाडीत, कोणी ग्रामपंचायतीच्या कचेरीत. उरलेल्या दिवसांत वर्गात समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे, संशोधनाच्या पद्धती असे विषय शिकवले जातात. ते हवेतच, पण त्यांतले बरेचसे बी.ए. करूनही शिकता येतात. या पदवीचे वेगळेपण त्या दोन दिवसांत आहे, आणि त्या दोन दिवसांत जे दिसले त्याचे पुढे काय केले जाते यात आहे.

बारावीनंतर कोणत्याही शाखेतून या पदवीला जाता येते. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर चौथे वर्ष करून ऑनर्स घेण्याची वाट खुली झाली आहे. माहितीपत्रकातली ही ओळ वाचून झाली की घरातले एखादे वडीलधारे माणूस हमखास विचारते, “लोकांचं भलं करायला डिग्री कशाला लागते? महर्षी कर्व्यांनी त्यासाठी कुठली पदवी घेतली होती? बाबा आमट्यांनी?” प्रश्न चुकीचा नाही. ज्या महाराष्ट्रात सत्यशोधक समाज 1873मध्ये उभा राहिला, पंडिता रमाबाईंचे शारदा सदन 1889मध्ये सुरू झाले आणि विठ्ठल रामजी शिंद्यांनी 1906मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, तिथे हा प्रश्न पडणारच. म्हणून त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

उत्तराचा पहिला भाग याच परंपरेत आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सदस्यासाठी पाच वर्षांच्या प्रशिक्षणाची अट घातली. तळमळ असलेली माणसे त्यांना मिळत होतीच. तळमळीच्या जोडीला देशाच्या प्रश्नांचा अभ्यास असल्याशिवाय सार्वजनिक कामात पडू नये, असे त्यांचे मत होते. याच समाजाचे नारायण मल्हार जोशी यांनी 1911मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवले. तेव्हा समाजसेवेला शिक्षण लागते हा विचार परक्या मुलखातून एकदम येऊन पडलेला नाही. तो पुण्या-मुंबईत आधीपासून होता.

उत्तराचा दुसरा भाग समजायला मात्र फिल्डवर्कच्या वहीत डोकवावे लागते.

समजा, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी फिल्डवर्कला जाते आहे. सातवीतला एक मुलगा दिवाळीनंतर शाळेत आलेला नाही. गुरुजी सांगतात, “त्यांच्या घरात शिक्षणाचं कुणाला काही पडलेलं नाही.” विद्यार्थिनी पत्ता काढत घरी जाते. घराला कुलूप. शेजारच्या खोलीत म्हातारी आजी. ती म्हणते, “पोरगं गेलं आईबापासंगं. धाकटीला कोण बघंल?” विद्यार्थिनी परत येते आणि रात्री वहीत लिहिते : ‘पालक निष्काळजी आहेत. आजी अशिक्षित असल्यामुळे तिला शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. कुटुंबाचे प्रबोधन करण्याची गरज आहे.’

हेतू निर्मळ आहे. वाक्येही आपण रोज ऐकतो तशीच आहेत. पण वही तपासणारे मार्गदर्शक प्राध्यापक आपले काम जाणणारे असतील तर ‘निष्काळजी’ या शब्दाखाली तांबडी रेघ येते आणि समासात शेरा पडतो : ‘हे पाहिले, की ठरवले?’ त्याखाली आणखी प्रश्न. घराला कुलूप होते, तर ‘निष्काळजी’ कुणाला पाहून लिहिले? आजी काय म्हणाली ते तिच्या शब्दांत का लिहिले नाही? धाकटी किती वर्षांची? ती कुठे आहे? मुलगा गेला त्या ठिकाणी शाळा आहे का? आजीशी बोलताना तुम्ही कुठे बसला होतात?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण ओट्यावर उभे राहून खाली बसलेल्या म्हातारीशी बोलणे आणि तिच्याशेजारी बसून बोलणे यांत तिने किती सांगायचे हे ठरते. या अभ्यासक्रमात त्यालाही महत्त्व आहे.

या लिखाणाची एक रीत आहे. घडलेला संवाद शक्य तितका जसाच्या तसा उतरवायचा. कोण काय म्हणाले, मी काय म्हणाले, समोरचा माणूस कुठे गप्प झाला, आणि त्या क्षणी माझ्या मनात काय आले. निरीक्षण एका बाजूला, आपला अर्थ दुसऱ्या बाजूला. मग आठवड्यातून एकदा त्या वहीवर मार्गदर्शकांबरोबर समोरासमोर चर्चा होते. तिला वैयक्तिक परिषद म्हणतात, आणि मुलांच्या तोंडी ती ‘आयसी’ असते. सगळ्यांनी मिळून केलेली ती गट परिषद, म्हणजे ‘जीसी’. माझ्या मते समाजकार्याचे सगळ्यात मोलाचे शिक्षण या आयसीच्या अर्ध्या तासात होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हत्यार म्हणून स्टेथोस्कोप मिळतो. इथे विद्यार्थ्याची नजर, त्याची भाषा आणि त्याचे पूर्वग्रह हीच हत्यारे आहेत, आणि ती रोज तपासून घ्यावी लागतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला कुणीतरी गंभीरपणे सांगते की तुझे वाक्य तपास, कारण त्या वाक्यावरून उद्या एका घराचा निर्णय होईल. दुसऱ्या कुठल्या पदवीत पहिल्याच वर्षी एवढी जबाबदारी टाकली जाते?

ती पुन्हा गावात जाते. आता कळते की आईबाप उसाच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेले आहेत. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. मजुरीचा हिशेब एकेका माणसावर नसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. कामावर गेले नाही तर त्या दिवसाचा खाडा कापला जातो. फडाशेजारी प्लॅस्टिकच्या कागदाची किंवा पाचटाची कोपी बांधून सहा महिने काढायचे. पहाटे आई फडात गेल्यावर कोपीतल्या धाकट्या मुलीला सांभाळायला कुणी नाही, म्हणून सातवीतला मुलगा बरोबर गेला. पालकांना शिक्षणाचे महत्त्व पुरेपूर कळते. पण मुलीला एकटी टाकायची, एक कोयता अर्धा करायचा की मुलाची शाळा बुडवायची, एवढेच पर्याय त्यांच्यापुढे होते.

आता प्रबोधन कुणाचे करायचे?

या ठिकाणी वर्गातले शिक्षण कामाला येते. समाजकार्याच्या पद्धती पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असतात : व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक कृती, संशोधन. परीक्षेपुरत्या त्या व्याख्या पाठ होतात. पण या एका मुलापासून सुरुवात केली की त्या एकमेकींत कशा गुंतलेल्या आहेत ते दिसते. मुलगा आणि त्याचे घर यांच्याबरोबर धीराने काम करणे हे व्यक्ती सहाय्य कार्य. आजी त्याला ठेवून घेऊ शकेल का, तिच्या तब्येतीचे काय, धाकटीसाठी काय करता येईल, मुलाला स्वतःला काय हवे आहे, हे प्रश्न त्यात येतात. पण त्याच शाळेतून दिवाळीनंतर आणखी किती मुले गेली, याची घरोघर जाऊन यादी केली की तो एका घराचा प्रश्न राहत नाही. ही यादी म्हणजे संशोधनाची सुरुवात. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, म्हणजे मुले गावातच नातेवाइकांकडे राहतात आणि जेवणाची सोय शाळेमार्फत होते. तिचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने हंगाम सुरू होण्याआधी द्यायला हवा. तो दिला होता का? नसेल तर का नाही? समितीत ऊसतोड करणाऱ्या घरातले कुणी आहे का? ही बैठक दसऱ्याच्या आधी घडवून आणणे म्हणजे समुदाय संघटन. आणि गेलेल्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा आहे. 2009च्या या कायद्याने स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. शिक्षण हमी कार्ड दाखवून मूल कारखान्याजवळच्या शाळेत बसू शकते. हे कार्ड त्या मुलाला कुणी दिले होते?

एवढे करूनही उचल, कोयता आणि खाडा तसेच राहतात. 2019मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांतला खाडा, फडावरची पाण्याची आणि शौचाची गैरसोय, कर्ज आणि खासगी दवाखाने यांची ती साखळी होती. अशा ठिकाणी एकेका बाईचे समुपदेशन करून भागत नाही. कामाच्या अटी बदलाव्या लागतात, आणि त्यासाठी संघटना, कायदा, सरकारदरबारचा पाठपुरावा लागतो. अभ्यासक्रमात याला सामाजिक कृती म्हणतात. माझी तक्रार अशी की बऱ्याच ठिकाणी हे प्रकरण पुस्तकाच्या शेवटी असते आणि सत्राच्या शेवटी घाईघाईने उरकले जाते. महाराष्ट्रात ते आधी शिकवले पाहिजे.

या तक्रारीमागे इतिहास आहे. समाजकार्याचे औपचारिक शिक्षण अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत वाढले. तिथल्या धर्मादाय संस्था गरीब घरांत स्वयंसेवक पाठवत. कुणाला मदत द्यायची, किती द्यायची, हे त्यांच्या अंदाजावर ठरे. मेरी रिचमंड या बाईने 1897मध्ये आग्रह धरला की या कामाला प्रशिक्षणाची शाळा हवी. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वर्ग भरला आणि त्यातून पुढे कोलंबिया विद्यापीठाचे समाजकार्य विद्यालय घडले. रिचमंड यांचे ‘सोशल डायग्नोसिस’ हे पुस्तक 1917चे. घराची माहिती कशी गोळा करावी, ती कशी पारखावी, ऐकीव आणि पाहिलेले यांत फरक कसा करावा, हे त्यात शिस्तीने मांडले आहे. समासातल्या त्या तांबड्या शेऱ्याचे मूळ तिथवर जाते.

भारतातली पहिली शाळा मुंबईत निघाली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी 1920च्या दशकात नागपाड्यात नेबरहूड हाउस चालवायला घेतले होते. दाटीवाटीची वस्ती, कामगार, वेगवेगळ्या धर्मांची माणसे. त्यांच्यामध्ये राहून काम करायचे, हा त्या घराचा नेम. 1936मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशाने तिथेच ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. 1944मध्ये त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले, 1954मध्ये ती संस्था देवनारला गेली. नावातच ‘ग्रॅज्युएट’ होते. म्हणजे सुरुवातीला हे शिक्षण पदवीनंतरचे होते. 1955मध्ये मुंबईत निर्मला निकेतन, 1963मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, आणि मग नागपूरपासून जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये उभी राहिली. पदवीचा अभ्यासक्रम या विस्ताराबरोबर रुजला. त्यामुळे हे शिक्षण मराठीतून घेता येऊ लागले, आणि बारावी झालेल्या खेड्यातल्या मुलामुलींपर्यंत पोहोचले. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

कारण त्यामुळे वर्गात बसणारी माणसे बदलली. मूळच्या कल्पनेत समाजकार्यकर्ता बाहेरून वस्तीत जात असे. आज जिल्ह्याच्या गावच्या समाजकार्य महाविद्यालयात घरातली पहिली पदवी घेणारी मुले मोठ्या संख्येने असतात. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांतली, शेतमजुरांची, आणि हो, ऊसतोड कामगारांचीही. ज्या कोपीबद्दल एक विद्यार्थिनी वहीत लिहिते, त्या कोपीत दुसऱ्याचे बालपण गेलेले असते. गट परिषदेत तो बोलायला लागतो तेव्हा पाठ्यपुस्तकातली कितीतरी वाक्ये अपुरी ठरतात. व्यक्तीचा प्रश्न, तिचा स्वभाव आणि तिचे कुटुंब यांवर भर देणाऱ्या परदेशी पुस्तकांत जात नव्हती. आपल्याकडे पाणवठा, स्मशान, शाळेतली बसण्याची जागा, तहसीलदाराच्या दारातली वागणूक या सगळ्यांत ती आहे. ती न पाहता केलेले निदान खोटे असते. टाटा संस्थेने पुढे दलित आणि आदिवासी समाजकार्य हा स्वतंत्र अभ्यासविषय केला, तो या जाणिवेतूनच. पदवीच्या पातळीवर तो प्रत्येक विषयाच्या पोटात असायला हवा.

पण स्वतःचे भोगणे जवळ असले म्हणजे काम सोपे होत नाही. फिल्डवर्कमध्ये समोर आपल्याच आईसारखी बाई बसली की विद्यार्थ्याचा गळा दाटतो, राग येतो, सगळे आपणच करून टाकावे असे वाटते. फेलिक्स बिस्टेक या अमेरिकन धर्मगुरू-प्राध्यापकाने 1957मध्ये व्यक्ती सहाय्य कार्याची सात तत्त्वे मांडली. आजही बी.एस.डब्ल्यू.च्या विद्यार्थ्याला ती तोंडपाठ असतात. त्यांतले एक म्हणजे भावनिक गुंतवणुकीवर ताबा. भावना नसाव्यात असे ते तत्त्व सांगत नाही. माझा गहिवर समोरच्याच्या कामाचा आहे की माझ्या, हे ओळखायला सांगते.

दुसरे तत्त्व स्वयंनिर्णयाचे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याकडे बाई परत जायचे म्हणते, तेव्हा विद्यार्थ्याला ते सहन होत नाही. तिला कायदा सांगायचा, 2005च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते हे सांगायचे, निवाऱ्याची सोय दाखवायची, धोका स्पष्ट करायचा. आणि मग निर्णय तिचा. ती परत गेली तर तिच्यासाठी दार उघडे राहील असे वागायचे. रागावून ‘मग भोगा’ म्हटले, तर ती पुढच्या वेळी येणार नाही.

तिसरे गोपनीयतेचे, आणि इथे कायदा आडवा येतो. बालगृहातली मुलगी विश्वासाने सांगते की काका तिच्याशी काय करतो, आणि म्हणते, “ताई, कुणाला सांगू नका.” 2012च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19नुसार अशी माहिती कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवली पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे. तेव्हा ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द मुलाला कधी देऊच नये. संभाषणाच्या आरंभीच त्याच्या वयाला कळेल असे सांगावे की तुला धोका असेल तर मला मदत बोलवावी लागेल. हे वाक्य कधी आणि कोणत्या आवाजात उच्चारायचे, याचा सराव वर्गात भूमिका करून घेतला जातो. मायाळू मनाला हे आपोआप सुचत नाही. मायाळू मन उलट तो शब्द देऊन बसते. ‘चांगुलपणाला शिक्षण कशाला?’ या प्रश्नाचे याहून थेट उत्तर माझ्याजवळ नाही.

बाकीचा अभ्यासक्रम थोडक्यात सांगता येतो. सुरुवातीच्या संस्थाभेटी, आठवडा-दहा दिवसांचे ग्रामीण शिबिर, अभ्याससहल, शेवटी एखाद्या संस्थेत सलग काम. यांबरोबर कागदांचे एक शिक्षण असते, त्याची वाखाणणी कुणी करत नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कसा भरायचा, उत्पन्नाचा दाखला कुठे अडतो, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणते आजार बसतात, धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी 10 टक्के खाटा राखीव आहेत हे कुणाला आणि कसे दाखवून द्यायचे. दवाखान्याच्या खिडकीवर गोंधळलेल्या शेतकऱ्याला या माहितीने जमीन विकण्यापासून वाचवता येते. माहिती असूनही खाट मिळत नाही तेव्हा कुणाकडे दाद मागायची, हेही शिकावे लागते.

या शिक्षणातून काय उभे राहू शकते, त्याची दोन उदाहरणे मुंबईतलीच आहेत. 1984मध्ये टाटा संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तक्रार घेऊन आलेल्या बाईशी बोलायला पोलीस ठाण्यातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसलेली असेल, ही त्यामागची कल्पना. तेव्हा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा आजचा कायदा यायला 21 वर्षे अवकाश होता. पुढे असे कक्ष राज्यभर निघाले. दुसरे उदाहरण 1098 या क्रमांकाचे. 1996मध्ये जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने, याच संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू झाली. रस्त्यावरच्या मुलाला रात्री-अपरात्री फुकट फोन करता यावा, एवढी साधी गरज त्यामागे होती. ती देशभर पसरली. दोन्ही कल्पना पुढे सरकारी व्यवस्थेत गेल्या. फिल्डमध्ये दिसलेली उणीव नीट नोंदवली तर तिची संस्था होऊ शकते, हे यांनी दाखवून दिले.

आता नोकरीचे. पालकांचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर देऊ नये. रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. भारतातली पहिली वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक 1946मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात झाली होती. महिला व बालविकास विभागात परिवीक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी, समाजकल्याणच्या वसतिगृहांत गृहपाल, महापालिकांत समूह संघटिका, एचआयव्ही तपासणी केंद्रांत समुपदेशक, शिवाय स्वयंसेवी संस्था. 2014पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, त्यामुळे तिथेही जागा निघाल्या. मात्र यांतली बरीच पदे कंत्राटी असतात. वरच्या जागांसाठी एम.एस.डब्ल्यू. मागतात. मानसिक आरोग्यात मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणवून घ्यायचे तर 2017च्या कायद्यानुसार पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचे एम.फिल. लागते. बी.एस.डब्ल्यू. हा पहिला टप्पा आहे, हे प्रवेशाच्या दिवशीच कळलेले बरे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. नर्सला परिषद आहे, वकिलाला बार कौन्सिल आहे. समाजकार्याच्या सगळ्या क्षेत्राला देशात अशी स्वतंत्र परिषद नाही. 2021च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते आले, पण वस्तीत, बालगृहात, तुरुंगात काम करणारे त्याच्या बाहेरच राहिले. कुणीही उद्या गळ्यात ओळखपत्र घालून समाजकार्यकर्ता म्हणवू शकतो. त्याने मुलांचे नुकसान केले तर परवाना काढून घेणारे कुणी नाही, कारण परवानाच नाही. 2015चा बाल न्याय कायदा पाहा. बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांत किमान एक स्त्री. त्यांची पात्रता सांगणाऱ्या कलम 4मध्ये मुलांसाठीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव, किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र वा कायदा यांची पदवी असलेला व्यावसायिक, असे म्हटले आहे. समाजकार्याची पदवी त्या यादीत नाही. पदाचे नाव समाजकार्यकर्ता, आणि पदव्यांच्या यादीतून समाजकार्यच गळालेले. बाल कल्याण समितीच्या पात्रतेत मात्र ती पदवी आहे. मंडळासाठीही कायद्यात तशी दुरुस्ती झाली पाहिजे, आणि राज्यातल्या समाजकार्य महाविद्यालयांनी एकत्र येऊन ती मागितली पाहिजे.

महाविद्यालयांनीही आपले घर पाहावे. महाराष्ट्रात अनुदानित समाजकार्य महाविद्यालये सामाजिक न्याय विभागाकडे आहेत. जिथे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तिथे सगळ्यात आधी फिल्डवर्क मरते. एका मार्गदर्शकाकडे मुलांची गर्दी झाली की वह्या वाचल्या जात नाहीत, नुसत्या सह्या होतात. आयसी कागदावर होते. मुलांना हे दोन महिन्यांत कळते, मग घरी बसून वहीत वस्ती लिहिली जाते. अशा तीन वर्षांनंतर हाती येणाऱ्या पदवीला समाजकार्याची पदवी म्हणता येत नाही, कारण तिच्यातला खरा भाग झालेलाच नसतो.

म्हणून घरातल्या मुलीला किंवा मुलाला बी.एस.डब्ल्यू. करायचे असेल, तर अडवू नका. पण प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. फिल्डला आठवड्यातून खरोखर किती वेळा जाता, एका मार्गदर्शकाकडे किती जण आहात, मागची आयसी कधी झाली, हे विचारा. आणि त्यांच्यापैकी कुणाची तरी वही मागून बघा. लोकांची नावे झाकलेली असतील, तशी ती असायलाच हवीत. तुम्ही फक्त समास बघा. तिथे तांबड्या शाईत प्रश्न दिसले, तर त्या कॉलेजात नाव घाला.